‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ : अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे लोक या एका वाक्प्रचाराबद्दल इतक्या वेळा विचारतात की सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवलेली बरी असं वाटलं. प्रश्न लोक जसे विचारतात तसेच ठेवलेत. काहींची उत्तरं दोन ओळींची आहेत, काहींची लांबलीत, कारण तिथं सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

एका वाक्यात सांगा, अर्थ काय?

परिस्थिती आपल्या बाजूने आहे तोवरच काम उरकून घ्या, कारण ती अशीच राहणार नाही.

शब्दशः बघितलं तर ‘लोखंड गरम आहे तोवर घाव घाला’. हे चित्र लोहाराच्या कामाचं आहे. भट्टीतून काढलेलं लालभडक लोखंड ऐरणीवर ठेवलं की ते थंड व्हायच्या आत घाव घालून त्याला आकार द्यावा लागतो, नंतर कितीही ठोका, ते ऐकत नाही.

म्हणजे ‘लवकर कर, घाई कर’ असंच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच गाइडमध्ये या वाक्प्रचारापुढे ‘त्वरित कृती करणे’ एवढंच लिहिलेलं असतं. ते चूक नाही पण अर्धंच आहे. घाई करायला कोणी सांगितलं तर आपण विचारतो की कशासाठी, कधीपर्यंत. इथं ते कारण वाक्यातच आहे, लोखंड गरम आहे. म्हणजे आधी काहीतरी तापलेलं असायला हवं. थंड लोखंडावर फटाफट हातोडा मारणाऱ्याला आपण चपळ म्हणत नाही, त्याला काम येत नाही असं म्हणतो.

एक उदाहरण घ्या. तुम्ही एका प्रोजेक्टवर सहा महिने राबलात, तो यशस्वी झाला, सगळे तुमचं कौतुक करतायत, आणि त्याच आठवड्यात तुम्ही साहेबांकडे पगारवाढीचा विषय काढला. इथं हा वाक्प्रचार चपखल बसतो. आता दुसऱ्या एकाला नोकरीला लागून आठवडाच झालाय आणि तो पगारवाढ मागतोय, तर ती नुसती घाई झाली. दोघांनी काम ‘लवकर’च केलं, पण एकाचं लोखंड तापलेलं होतं आणि दुसऱ्याने अजून भट्टीसुद्धा पेटवलेली नाही.

म्हणून मी शिकवताना नेहमी सांगतो की या वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘स्ट्राइक’ नाही, ‘व्हाइल’ आहे. व्हाइल म्हणजे ‘तोवर’. ठराविक वेळेपुरतं दार उघडं आहे, आत्ता उघडं आहे आणि थोड्या वेळाने बंद होणार आहे, एवढं सगळं त्या एका छोट्या शब्दात आहे.

लोहाराला एवढी घाई का असते? नंतर मारलं तर काय होतं?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की अर्थ पाठ करावा लागत नाही.

लोखंड तापत गेलं की त्याचा रंग बदलतो. साधारण 500 अंश सेल्सिअसच्या पुढे अंधारात ते अंधुक लाल दिसायला लागतं, पुढे गडद लाल, मग 900 ते 1000 च्या आसपास नारिंगी, 1100 ते 1200 ला पिवळं, आणि त्याच्याही वर पांढरट. लोहार थर्मामीटर लावत नाही, तो रंग बघतो, आणि रंग नीट दिसावा म्हणून भट्टीजवळ मुद्दाम उजेड कमी ठेवतात. घडवायचं काम मुख्यतः नारिंगी ते पिवळ्या रंगात होतं. आत काय होतं तर 912 अंशाला शुद्ध लोखंडातल्या अणूंची मांडणीच बदलते आणि या नव्या मांडणीत आणि एवढ्या उष्णतेत धातू बऱ्यापैकी मऊ होतो, घाव बसला की पसरतो, वाकतो. विशेष म्हणजे तो वितळलेला नसतो, शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश लागतात. म्हणजे घन राहूनही आकार घेतो अशी ही मधली अवस्था.

आता गंमत अशी की भट्टीतून बाहेर काढल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. हवा उष्णता घेते, आणि ऐरण तर त्याहून जास्त, कारण ती लोखंडाचा भलामोठा थंड ठोकळा असते आणि तापलेला तुकडा तिला टेकला की ती उष्णता ओढून घेते. बारीक सळई असेल तर हातात काही सेकंदच असतात. रंग काळपट लालपर्यंत उतरला की घाव घालून फारसा उपयोग होत नाही, उलट पोलादाला भेगा पडायची भीती असते, हात दुखतो तो वेगळाच.

त्यामुळे जाणता लोहार काय करतो तर लोखंड बाहेर काढायच्या आधीच सगळं ठरवून ठेवतो. हातोडा हाताशी, सांडशी पकडीत, पहिला घाव कुठे, मग कुठे वळवायचं, सगळं डोक्यात तयार. लोखंड ऐरणीवर आल्यावर विचार करत बसला तर संपलं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त धडाधड घाव दिसतात आणि वाटतं काय वेग आहे, पण तो वेग आधीच्या शांतपणातून आलेला असतो.

आणि उलट बाजूसुद्धा आहे. जास्त तापवलं तर पोलाद अक्षरशः जळतं, ठिणग्या उडायला लागतात, आणि असा जळलेला भाग कापूनच टाकावा लागतो. म्हणजे ‘अजून थोडं तापू दे, अजून थोडं’ करत वाट बघत बसणंही धोक्याचंच.

आयर्न म्हणजे कपड्यांची इस्त्री नाही का?

इथं नाही. आयर्न शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत, धातूही आणि इस्त्रीही, आणि घरात आपण रोज इस्त्रीच बघतो त्यामुळे डोळ्यासमोर तीच येते, त्यात चुकण्यासारखं काही नाही. इस्त्री गरम आहे तोवर कपडे उरकून घ्या, असा अर्थ कोणी लावला तरी भावार्थ जवळपास तोच निघतो! पण मूळ चित्र लोहाराचंच आहे, कारण ‘स्ट्राइक’ म्हणजे जोरात मारणे, आणि इस्त्रीला कोणी मारत नाही.

आणि स्ट्राइक म्हणजे संप?

तोही वेगळा अर्थ. मराठीत आपण स्ट्राइक म्हटलं की संपच ऐकतो, म्हणून हा प्रश्न येतो. इथं तो क्रियापद म्हणून आलाय, घाव घालणे. ‘हिट’ म्हणजेही मारणेच, पण ‘हिट व्हाइल द आयर्न इज हॉट’ असं कोणी म्हणत नाही. वाक्प्रचारातले शब्द ठरलेले असतात, समानार्थी शब्द घालून चालत नाही, जसं मराठीत आपण ‘वरातीमागून घोडं’ म्हणतो, ‘मिरवणुकीमागून अश्व’ म्हटलं तर अर्थ कळेल पण कानाला खटकेल.

उच्चार कसा करायचा? आयरन की आयर्न?

‘आय-रन’ नाही. स्पेलिंगमध्ये आर आधी आणि ओ नंतर आहे पण उच्चारात ते उलटं होतं, ‘आय-अर्न’. अमेरिकन लोक त्यातला र स्पष्ट म्हणतात, ब्रिटिश लोक बहुतेक गाळतात आणि ते ‘आयन’सारखं ऐकू येतं. दोन्ही बरोबर. बोलताना ‘आयर्न इज’चं ‘आयर्न्झ’ होऊन जातं, ऐकताना तेवढं लक्षात ठेवा.

हा वाक्प्रचार किती जुना आहे?

खूप. इंग्रजीत तो निदान सहाशे वर्षांपासून तरी आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटी जेफ्री चॉसर या इंग्रज कवीने ‘कँटरबरी टेल्स’ हा कथासंग्रह लिहिला, त्यातल्या मेलिबीच्या कथेत तो येतो. आणि तो कोणाच्या तोंडी येतो हे कळल्यावर मी स्वतः थक्क झालो होतो, म्हणून ती गोष्ट सांगतोच.

मेलिबी नावाचा एक श्रीमंत माणूस असतो. तो घरी नसताना त्याचे शत्रू घरात घुसून त्याच्या बायकोला मारहाण करतात आणि मुलीला जखमी करतात. संतापलेला मेलिबी सल्ला घ्यायला लोकांना बोलावतो. शहाणी माणसं म्हणतात की आधी घराचं रक्षण कर, युद्धाचं लगेच ठरवू नको, विचाराला वेळ लागतो. तेवढ्यात तरुण मंडळी उसळून उठतात, म्हाताऱ्यांची खिल्ली उडवतात आणि म्हणतात की लोखंड गरम असतानाच घाव घालायचा असतो, तसा अन्यायाचा सूड तो ताजा असतानाच घ्यायचा, आणि मग ‘युद्ध! युद्ध!’ असा गलका होतो. त्यावर एक वृद्ध माणूस उठतो, हाताने शांत व्हायची खूण करतो आणि म्हणतो की युद्ध युद्ध ओरडणाऱ्या पुष्कळांना युद्ध म्हणजे काय हे फारच थोडं माहीत असतं. त्याला बोलू देत नाहीत. पण शेवटी काय होतं तर मेलिबीची बायको, प्रुडन्स तिचं नाव, नवऱ्याशी सावकाश, मुद्देसूद बोलत राहते आणि गोष्ट सूडावर न संपता माफीवर संपते.

म्हणजे बघा, इंग्रजी साहित्यात ही म्हण इतक्या ठळकपणे येते ती चुकीच्या सल्ल्याच्या रूपात! त्या तरुणांचं लोखंड तापलं नव्हतं, डोकी तापली होती. आज कोणी ‘आत्ताच करायला पाहिजे’ म्हणून मागे लागला की मला हाच प्रसंग आठवतो आणि मी आधी विचारतो, नक्की काय तापलंय?

चॉसरने ही कथा फ्रेंचवरून घेतली होती आणि फ्रेंच कथा लॅटिनवरून आलेली, त्यामुळे ही म्हण एकट्या इंग्रजीची नाही. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन सगळ्यांकडे याच अर्थाची, याच चित्राची म्हण आहे, आणि हिंदीतही लोक ‘लोहा गरम है’ म्हणतातच. जिथे जिथे भट्टी होती तिथे तिथे माणसांना हे सुचलं असणार. पुढे 1546 मध्ये जॉन हेवूडने इंग्रजी म्हणींचा मोठा संग्रह छापला, त्यातही ही म्हण लोहाराच्या भट्टीतून उचललेला धडा म्हणूनच दिलीय.

मराठीत याला काय म्हणायचं?

एकच एक नेमका पर्याय नाही, आणि तो शोधायच्या नादात लोक चुकतात.

सगळ्यात आधी सुचते ती म्हण ‘तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे’. चित्र किती जवळचं आहे बघा, काहीतरी तापलंय, तोवर उरकून घ्यायचंय. पण छटा वेगळी आहे. मराठीत पोळी भाजून घेणारा माणूस बहुतेक वेळा स्वार्थी असतो, दुसऱ्यांच्या भांडणात किंवा अडचणीत तो आपला फायदा करून घेतो. इंग्रजी वाक्प्रचारात ही टीका नाही. ‘शी स्ट्रक व्हाइल द आयर्न वॉज हॉट’ हे कौतुक असतं, तिने बरोबर वेळ साधली. याचं भाषांतर करताना ‘तिने तापल्या तव्यावर पोळी भाजून घेतली’ लिहिलंत तर तुम्ही कौतुकाऐवजी तिची बदनामी केलीत. ‘वाहत्या गंगेत हात धुवून घेणे’ याचंही थोडंफार असंच आहे, त्यात आयती संधी आलीय आणि आपणही घुसलोय असा भाव आहे, आणि आयती हा शब्द इथं बसत नाही कारण लोहाराने भाता स्वतः मारलेला असतो.

‘शुभस्य शीघ्रम्’ कधी चालतं? काम चांगलं आहे मग उशीर कशाला, असं म्हणायचं असेल तेव्हा. पण त्यात वेळ निघून जाईल ही भीती नाही, त्यामुळे ते अर्धवटच बसतं.

माझ्या मते बहुतेक ठिकाणी साधं ‘वेळ साधणे’ किंवा ‘संधी साधणे’ हेच उत्तम. ‘तिने नेमकी वेळ साधली.’ संपलं. म्हणीचं भाषांतर म्हणीनेच करायला हवं असा नियम कुठेही नाही. आणि चित्र ठेवायचंच असेल तर ‘लोखंड तापलंय तोवर घाव घालावा’ हे मराठीत छान चालतं, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

जाता जाता एक गोष्ट. ‘प्रश्न ऐरणीवर आला’ असं आपण बातम्यांत रोज वाचतो ना, ते चित्र याच भट्टीतलं आहे. विषय तापलाय, आता ऐरणीवर आलाय, आता त्यावर घाव पडणार, काहीतरी निकाल लागणार. त्यामुळे लोहाराची भाषा मराठीत नाही असं अजिबात नाही, ती आहे, फक्त आपलं तिकडे लक्ष जात नाही.

वाक्यात वापरताना काळ बदलायचा का?

हो, गरजेप्रमाणे बदलायचा. स्ट्राइकचं भूतकाळी रूप स्ट्रक, आणि मागचं बदललं की पुढचं ‘इज’पण ‘वॉज’ होतं. लोक पहिलं बदलतात आणि दुसरं विसरतात, ‘ही स्ट्रक व्हाइल द आयर्न इज हॉट’, हे चूक.

सल्ला द्यायचा असेल तर मूळ रूपच ठेवा, ‘यू शुड स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’. नुसतं ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट!’ एवढं म्हटलं तरी वाक्य पूर्ण होतं. ‘वी डिसायडेड टु स्ट्राइक व्हाइल द आयर्न वॉज हॉट’ म्हणजे संधी होती तेव्हाच पुढे जायचं आम्ही ठरवलं. आणि फक्त शेपूट घेऊनही बोलतात, ‘द आयर्न इज स्टिल हॉट’, अजून वेळ गेलेली नाही.

मराठी माणसाकडून हमखास राहतो तो ‘द’. आपल्या भाषेत तसा शब्दच नाही म्हणून जीभ तो गाळते. ‘व्हाइल आयर्न इज हॉट’ म्हटलं तर समजतं, पण कच्चं वाटतं.

व्हाइलऐवजी ‘व्हेन’ चालेल का, असंही विचारतात. जुन्या इंग्रजीत व्हेनवालीही रूपं सापडतात, आजही कोणी म्हणालं तर चूक काढणार नाही कोणी, पण प्रचलित रूप व्हाइलचंच आणि वर सांगितलं तसं सगळी मजा त्या व्हाइलमध्येच आहे.

रोजच्या जगण्यातली उदाहरणं द्या ना, पुस्तकी नको.

एखाद्या गायिकेचं गाणं अचानक सगळीकडे वाजायला लागलं, लोक तिचं नाव शोधतायत, आणि तिने महिन्याभरात दुसरं गाणं आणलं. तिने वेळ साधली. वर्षभराने आणलं असतं तर पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागली असती.

इंटरव्ह्यू छान झाला, समोरची माणसं खूश दिसली, तर त्याच संध्याकाळी आभाराचा मेल पाठवणं. दहा दिवसांनी पाठवलेला मेल चूक नाही पण तोवर त्यांनी अजून पंधरा चेहरे बघितलेले असतात.

मूल तीन दिवस सतत ताऱ्यांबद्दल प्रश्न विचारतंय. त्याच आठवड्यात त्याला रात्री गच्चीवर नेऊन आकाश दाखवा. ‘परीक्षा झाल्यावर बघू’ म्हटलं तर तोवर त्याचं कुतूहल दुसरीकडे गेलेलं असतं. मला हे उदाहरण सगळ्यात जास्त भावतं कारण यात स्वार्थ नाही, व्यवहार नाही, आणि लोखंड तापवलेलं दुसऱ्यानेच आहे, आपण फक्त ते ओळखायचंय.

दोन भावंडांचा अबोला आहे आणि आज कशावरून तरी दोघंही हसली. तो विषय आजच काढावा.

कुठे वापरू नये?

कोणाच्या दुःखाच्या प्रसंगी अजिबात नको. कोणी आजारी आहे, कोणाची नोकरी गेलीय, आणि त्यातून तुम्हाला काही मिळणार असेल तर तिथं हा वाक्प्रचार क्रूर वाटतो, मग तो खरोखर तापल्या तव्यावरची पोळी होतो. एका ऑफिसात मी हे प्रत्यक्ष बघितलंय. एक सहकारी अचानक सोडून गेले होते, सगळे हादरलेले, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी त्यांच्या जागेसाठी अर्ज करण्याबद्दल हे वाक्य म्हणालं. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, आणि तरीही खोलीत एकदम शांतता पसरली.

दुसरं, सुरक्षेच्या किंवा तातडीच्या गोष्टीत नको. आग लागली, लवकर बाहेर पडा, तिथं संधी नाही, संकट आहे. या वाक्प्रचारात नेहमी काहीतरी चांगलं घडवायची शक्यता असते, नुसती घबराट नाही.

आणि रागाच्या भरात काही करायचं असेल तेव्हा तर नकोच. मेलिबीची गोष्ट आठवा.

‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ आणि हे एकच का?

अर्थ खूप जवळचा. ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, पाऊस आला तर सडेल. हेवूडच्या त्याच 1546 च्या संग्रहात हीपण आहे. फरक असा की ऊन कोणाच्या हातात नसतं, ते येतं आणि जातं, आणि ते दिवसभर किंवा काही दिवस असतं, म्हणून ही म्हण चांगले दिवस आहेत तोवर साठवून घ्या, कमवून घ्या अशा अर्थाने जास्त वापरतात. लोखंडाचा काळ फार छोटा, एक निर्णय, एक घाव. खेळाडू तरुण आहे, दहा वर्षं चांगली कमाई होईल, तिथं गवताची म्हण. त्याच खेळाडूने कालच मॅच जिंकून दिली आणि आज करार पुढे आलाय, तिथं लोखंडाची.

मग ‘जंप द गन’, ‘अ स्टिच इन टाइम’ वगैरे?

जंप द गन म्हणजे शर्यतीत बंदुकीचा आवाज व्हायच्या आधीच पळत सुटणे, वेळेआधीच उडी घेणे. ही टीका आहे, आणि आपल्या वाक्प्रचाराच्या बरोब्बर उलट चूक आहे, लोखंड तापायच्या आधीच मारणं. मराठीत ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ हिच्या खूप जवळ जाते.

अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन म्हणजे वेळेवर एक टाका घातला तर पुढचे नऊ वाचतात. इथं संधी नाही, दुरुस्ती आहे. नळ गळतोय, आजच बघा. तिथं लोखंड आणू नका.

अ‍ॅट द ड्रॉप ऑफ अ हॅट म्हणजे लगेच, एका पायावर तयार. त्यात वेग आहे पण योग्य वेळेचा काही संबंध नाही.

आणि ज्याची वेळ निघून गेली त्याला आपल्याकडे ‘बैल गेला नि झोपा केला’ आहेच, इतकं नेमकं की वेगळं समजवायला नको.

‘टू मेनी आयर्न्स इन द फायर’ हे पण लोहाराचंच का?

हो. एकाच वेळी भट्टीत खूप सळया ठेवल्या तर एकावर काम करेपर्यंत बाकीच्या जळतात किंवा कुठल्याकडेच धड लक्ष राहत नाही, म्हणून एकावेळी फार कामं अंगावर घेणे. हॅमर अँड टाँग्ज, म्हणजे हातोडा आणि सांडशी घेऊन, हाही तिथलाच, पूर्ण जोर लावून भिडणे.

ऑफिसच्या मेलमध्ये हे घिसंपिटं वाटत नाही का?

थोडं वाटतं, खोटं कशाला बोलू. सहाशे वर्षं वापरात असलेलं वाक्य आहे. रिपोर्टमध्ये, अर्जात, कॉलेजच्या निबंधात सरळ ‘आत्ता मागणी आहे म्हणून या महिन्यातच सुरू करूया’ असं कारण लिहिलेलं जास्त पटतं. बोलताना मात्र ते मस्त काम करतं, टीमला हलवायला, मित्राला धीर द्यायला. बॉसला मेल करताना एक काळजी घ्या, ‘यू शुड स्ट्राइक’ वाचायला हुकूम दिल्यासारखं होतं, त्यापेक्षा ‘परहॅप्स वी शुड स्ट्राइक’ लिहा, आपण सगळे मिळून करू असा सूर येतो.

लोखंड तापायची वाट किती बघायची? आपण काही करू शकत नाही का?

करू शकतो. लोहार वाट बघत बसत नाही, तो भाता चालवतो.

इंग्रजीत या म्हणीची एक वाढीव आवृत्तीही फिरते, की लोखंड तापायची वाट बघू नका, घाव घालून घालून ते तापवा. ऐकायला नुसती शब्दांची करामत वाटते पण ती खरी आहे! बारीक सळई थंड ऐरणीवर ठेवून भराभर आणि नेमके घाव घातले तर घावांच्याच शक्तीने तिचं टोक लाल होऊ शकतं, आणि कसलेले लोहार अशा लाल टोकावर भट्टी पेटवून दाखवतात. पण ते बारीक सळईला जमतं, जाड पट्टीला नाही, आणि त्यालाही हात बसलेला लागतो. छोट्या कामात नुसतं सुरू केल्यानेच वातावरण तयार होतं, मोठ्या कामाला आधी कोळसा, भाता, वेळ सगळंच लागतं.

आणि लोखंड थंड झालंच तर? संधी गेली म्हणायचं का?

हे विचारणारे बहुतेक जण काहीतरी हुकलेलं मनात ठेवून विचारतात, म्हणून नीट उत्तर देतो.

भट्टीजवळ एकदा उभं राहून बघा. लोहार एका तापावर संपूर्ण वस्तू क्वचितच बनवतो. चार घाव, रंग उतरला, परत भट्टीत. पुन्हा भाता, पुन्हा लाल, पुन्हा चार घाव. इंग्रजी लोहार एका वेळच्या तापवण्याला ‘हीट’ म्हणतात आणि ही वस्तू इतक्या हीटमध्ये झाली असं मोजतात. थंड झालेला तुकडा कोणी फेकून देत नाही, फक्त तो थंड असताना त्यावर घाव घालत नाहीत एवढंच. परत परत तापवण्याची किंमत असते, दर वेळी वरचा थोडा थर खपल्या होऊन झडतो, कोळसा जातो, वेळ जातो, म्हणून शक्य तेवढं एका तापात उरकायचं.

त्यामुळे समजा मागच्या वर्षी कोणी तुम्हाला ‘कधीही ये, आपण एकत्र काम करू’ म्हणालं होतं आणि तुम्ही गेला नाहीत. आज एकदम ‘ते काम अजून आहे का’ असा मेल टाकू नका. आधी त्यांच्या अलीकडच्या कामाबद्दल दोन ओळी लिहा, आपण काय करतोय ते सांगा, उत्तर येऊ द्या, एकदा फोनवर बोला. बोलण्यात पहिल्यासारखी ऊब जाणवली की मग विषय काढा, आणि तो त्याच फोनवर काढा.